पाहुणा कोणाला जबाबदार?

१९६१ सालच्या ऑक्टोबरमध्ये नायजेरियातील इबादान शहरात एका पोस्टकार्डावरून मोठा गदारोळ झाला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये 'पीस कोअर' ही स्वयंसेवक योजना सुरू केली होती. ऑगस्टअखेर तिची पहिली तुकडी घानात उतरली आणि पाठोपाठ नायजेरियात आलेल्या तुकडीचे प्रशिक्षण इबादानच्या विद्यापीठात चालू झाले. या तुकडीतील एका तरुणीने मायदेशी लिहिलेले कार्ड टपालात पडण्याआधीच हरवले, ते नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले आणि त्याच्या प्रती वसतिगृहांतून फिरल्या. इथले लोक रस्त्यावर राहतात, रस्त्यावर रांधतात, रस्त्यावरच विकतात आणि एकूण राहणी अगदी आदिम आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालेल्या देशातले विद्यार्थी खवळले, निषेधसभा झाली, तरुणीने माफी मागितली आणि तिला परत जावे लागले.

मजकूर सपशेल खोटा होता असे म्हणता येणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या शहरांत रस्त्याच्या कडेला चुली पेटतात, हे आजही कोणाला दिसेल. मात्र त्या चुलीपाशी बसलेली बाई घर नाही म्हणून तिथे रांधत नसते. तिचा तो धंदा असतो, आसपासचे मजूर आणि हमाल तिच्याकडे जेवतात, आणि त्या कमाईवर मुलांच्या शाळेची फी भरली जाते. कार्ड लिहिणारीने हे विचारले नव्हते, आणि इबादानमध्ये तिला हे विचारायला लावील असेही कोणी नव्हते. तिचा वाचक समुद्रापलीकडे होता. त्याला हिशोब मागायचा नव्हता आणि इबादानच्या लोकांना तो मागता येण्याची सोय नव्हती. कार्ड हरवले म्हणूनच काय तो मागता आला.

आज तसे कार्ड कोणी लिहीत नाही. स्वयंसेवकांना निघण्यापूर्वीच संवेदनशीलतेचे धडे दिले जातात आणि घृणेची जागा कौतुकाने घेतली आहे. 'इतके थोडे असूनही ही माणसे किती समाधानी आहेत, आपल्याकडचे शेवटचे मूठभर अन्नही वाटून खातात, वेळेच्या मागे धावत नाहीत', हे त्या कौतुकाचे नेहमीचे शब्द. मला हे कौतुक त्या पोस्टकार्डाइतकेच अपुरे वाटते. परदेशी स्वयंसेवकाला पश्चिम आफ्रिकेच्या खेड्यात 'सांस्कृतिक फरक' म्हणून जे दिसते, त्याचा बराच मोठा भाग म्हणजे कोण कोणाला काय देणे लागतो याची गावाने पिढ्यान्‌पिढ्या लावलेली व्यवस्था असते. जो त्या देण्याघेण्यात स्वतः गुंतत नाही, त्याला व्यवस्था दिसत नाही, फक्त तिच्या रीतीभाती दिसतात. म्हणून स्वयंसेवक गावात काय बांधून गेला यापेक्षा तिथे असताना तो कोणाला उत्तरदायी होता, या प्रश्नावर या साऱ्या उपक्रमाची पारख व्हावी, आणि या कसोटीवर दोन-तीन आठवड्यांच्या सहलवजा स्वयंसेवेला मान्यता मिळू नये, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्याच दिवशी जाणवणारा फरक अभिवादनाचा. सेनेगलमधल्या वोलोफ भाषक लोकांच्या गावात कोणापाशी थेट कामाचे बोलणे हा उद्धटपणा समजला जातो. आधी सलाम, मग प्रकृतीची, घरच्या माणसांची, मुलांची, कामाची चौकशी, आणि प्रत्येक प्रश्नाला 'सारे शांत आहे' अशा अर्थाचे ठरलेले उत्तर. घरात कोणी तापाने फणफणत असले तरी उत्तर आधी तेच येते आणि तापाची गोष्ट नंतर निघते. विहिरीपासून घरापर्यंतच्या वाटेवर हे पाच-सहा वेळा करावे लागले की नवखा स्वयंसेवक प्रथम भारावतो आणि महिनाभराने वैतागतो. त्याच्या लेखी हा वेळेचा अपव्यय तरी असतो किंवा माणुसकीचा झरा तरी. भाषामानवशास्त्रज्ञ ज्युडिथ अर्वाइन यांनी १९७०च्या दशकात वोलोफ अभिवादनांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना तिसरेच काही आढळले. अभिवादनाला सुरुवात करणारा स्वतःकडे कनिष्ठपणा घेतो, आणि कनिष्ठपणाबरोबर मागण्याचा हक्कही त्याच्याकडे येतो. समोरच्याकडे मोठेपणा जातो आणि देण्याची जबाबदारीही त्याच्याच माथी येते. त्यामुळे अडचणीत असलेला माणूस मुद्दाम पुढे होऊन आधी सलाम करतो, आणि ज्याला आज कोणाचे काही देणे परवडणार नाही तो स्वतःच घाईने आधी सलाम करून मोठेपण टाळतो. ज्या गोष्टीला स्वयंसेवक सौजन्य म्हणतो, तिच्यात इतकी काटेकोर वाटाघाट दडलेली असते.

दुसरा फरक त्याच्या खिशाशी संबंधित असतो, म्हणून त्याविषयी तो घरच्या पत्रांत अधिक पोटतिडकीने लिहितो. लोक मागतात. घड्याळ माग, चपला माग, परगावाहून आल्यावर 'माझ्यासाठी काय आणलेस' असे विचार, हे ओळखीपाळखीचे लोकही सहज करतात, आणि मैत्री समजत होतो ती पैशासाठीच होती की काय, अशी शंका पाहुण्याच्या मनाला डसू लागते. गोरा आहे म्हणून मागतात, असे तो समजतो. ते काही प्रमाणात खरेही आहे. पण गावातला शिक्षक, राजधानी डाकारहून सुटीवर आलेला वाहनचालक, शेंगदाण्याचे पैसे नुकतेच हाती आलेला शेतकरी यांच्याकडेही असेच मागितले जाते. ज्या कोरडवाहू प्रदेशात पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच पडतो, एक पीक बुडाले की वर्ष बुडते, आणि विमा, बेकारभत्ता किंवा निवृत्तिवेतन हे असलेच तर पगारी नोकरांपुरते असते, तिथे आज ज्याच्याकडे आहे त्याने देणे आणि उद्या त्याच्यावर वेळ आली की त्याने मागणे, हाच विमा. नकार देण्याच्याही रीती आहेत. 'सध्या नाही, पुढे पाहू, देव देईल', असे म्हणून विषय हसण्यावारी नेला की कोणी राग धरत नाही. राग येतो तो मागण्यालाच अपमान समजणाऱ्याचा.

मात्र इथेच कौतुक करणाऱ्यांची गल्लत होते. वाटून घेणे हा स्वभाव असता तर त्यापासून बचाव करण्याच्या इतक्या युक्त्या गावाने शोधल्या नसत्या. रोख रक्कम हाती राहिली की ती मागितली जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून रोख फार काळ रोख ठेवली जात नाही. तिची शेळी होते, पत्रे होतात, सिमेंटच्या विटा होऊन अर्धवट भिंतीत जाऊन बसतात. घानाच्या बाजारात सुसू गोळा करणारा माणूस रोज विक्रेत्या बायांकडून ठरावीक रक्कम नेतो आणि महिनाअखेर आपले शुल्क कापून परत करतो. बाया स्वतःचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून त्यालाच पैसे देतात. फ्रेंच भाषक देशांत गावोगावी तॉन्टिन चालतात, म्हणजे आपल्याकडची भिशीच. 'भिशीत अडकले आहेत' हे उत्तर नातेवाइकाला तिथेही तितकेच समजते जितके कोल्हापुरात किंवा दादरला समजेल. या लोकांना बचत ठाऊक नाही म्हणून आपण बचतगट शिकवू, अशा योजना घेऊन आलेल्या स्वयंसेवकांनी आधी शेजारणीच्या अर्ध्या भिंतीकडे नीट पाहिले असते, तर पुष्कळ कागद वाचला असता.

पाहुणचाराची गोष्ट याहून रंजक आहे. सेनेगलमध्ये 'तेरांगा', म्हणजे पाहुणचार, हा राष्ट्रीय अभिमानाचा शब्द आहे, आणि एकाच मोठ्या परातीभोवती बसून जेवताना यजमानीण माशाचा आणि भाजीचा चांगला तुकडा बोटांनी पाहुण्यापुढे सरकवते, हे अनुभवलेला कोणीही त्याविषयी लिहिल्याशिवाय राहत नाही. पण पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारी मार्गांवर यजमान हे शतकानुशतके एक पद होते. जंगलपट्ट्यात पिकणारा कोला, म्हणजे चघळायची एक कडवट बी, उत्तरेच्या माळरानात नेणारे व्यापारी ज्या गावी उतरत, तिथे मांडे या भाषागटातले लोक ज्याला 'जातिगी' म्हणतात असा यजमान त्यांना ठेवून घेई, त्यांच्या मालाची खरेदी-विक्री जुळवून देई, आणि त्यांच्या वर्तनाची हमी गावाला देई. परक्याने कर्ज बुडवले किंवा कोणाची कुरापत काढली, तर गाव जातिगीला धरत असे. आजही मालीत किंवा गांबियात नवखा माणूस गावप्रमुखाला कोला देऊन मुक्कामाची परवानगी मागतो, तेव्हा या जुन्या कराराचेच नूतनीकरण होते. स्वयंसेवकाला ज्या घरी ठेवतात, त्या घराचा कर्ता त्याच्या चुकांचा वाटेकरी होतो. त्याने भर दुपारी उघड्या अंगाने गावात फेरफटका मारला, सभेत म्हाताऱ्याचे बोलणे तोडले, डाव्या हाताने परातीला स्पर्श केला, तर त्याला तोंडावर कोणी काही बोलत नाही. बोलणी खातो तो कर्ता. पाहुणा मायदेशी जाऊन 'मला कोणी कधीच दोष दिला नाही' असे सांगतो, आणि त्याच्या वाट्याचा दोष दुसऱ्याने सोसला हे त्याला कधी कळतही नाही.

याच कर्त्याच्या आडनावावरून पाहुण्याचे बारसे होते. तोवर तो सेनेगल-गांबिया-मालीत 'तुबाब', टोगो-बेनिनमध्ये 'योवो', घानात 'ओब्रोनी', म्हणजे गोरा परका, असतो आणि पोरे त्याच हाकेने त्याच्यामागे धावतात. नाव मिळाले की तो ज्योप किंवा न्द्याय, त्राओरे किंवा ज्यारा होतो. ही प्रेमाची खूण आहेच, पण तिच्यामुळे तो थट्टेच्या नात्यांच्या जाळ्यातही येतो. ज्योप आणि न्द्याय यांनी एकमेकांना खादाड, चोर, आमचे गुलाम असे काहीही म्हणावे आणि कोणी रागावू नये, असा शिरस्ता आहे. सेरेर आणि फुलानी, सेरेर आणि जोला या समाजांतही तेच. मालीत समोरच्याला 'तू घेवडे खाणारा' म्हटले की अर्धा बाजार हसतो. या नात्याला तिथे सानांकुया म्हणतात, आणि नायजरमधील अशाच प्रथांची युनेस्कोने २०१४ साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. बसमध्ये भांडण पेटले की थट्टेच्या नात्यातला तिसरा मध्ये पडतो आणि त्याचे कोणाला टाळता येत नाही, पोलिस चौकीवर आडनाव विचारले जाते आणि कधी दंडाऐवजी टोमणा मिळतो, आणि मयताच्या घरीही काही ठिकाणी थट्टेच्या नात्यातले लोक मृताची नक्कल करून शोकाचा भार हलका करतात. वेगवेगळ्या भाषांचे आणि पंथांचे लोक एकाच बाजारपेठेत राहतात, तेव्हा उघड वैर टाळण्याची ही रोजची तालीम आहे. नाव मिळालेल्या स्वयंसेवकाने टोमणा खाऊन उलट टोमणा मारला, तर तो त्या दिवसापासून गावाचा थोडासा तरी होतो. नुसता हसला तर पाहुणाच राहतो.

एक लहानशी गोष्ट जाता जाता सांगायला हवी. सेनेगल-गांबियात लांबच्या प्रवासाला निघालेल्याचा निरोप मुद्दाम डाव्या हाताने हस्तांदोलन करून घेतात. एरवी डावा हात पुढे करणे म्हणजे अपमान. निरोपाच्या वेळी जाणूनबुजून केलेली ही चूक दुरुस्त करायला पुन्हा भेटावे लागते, म्हणजे परत येण्याचे देणे प्रवाशाच्या माथी ठेवले जाते. किती स्वयंसेवक ते फेडायला येतात, हा प्रश्न त्यांच्या संस्थांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

वेळेविषयीच्या तक्रारीवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. नऊची सभा बाराला सुरू होते हे खरे, पण पहिला पाऊस पडल्यावर बाजरीची पेरणी एक दिवसही उशिरा होत नाही. कोणाची वेळ पाळायची हे ज्याने त्याने आपल्या गरजेने ठरवलेले असते, आणि स्वयंसेवकाची सभा त्या यादीत बरीच खाली असते.

आता समाधानाच्या दाव्याकडे वळू. २००६ साली सेनेगल आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यांवरून मासेमारीच्या लाकडी होड्यांत बसून ३० हजारांहून अधिक माणसे स्पेनच्या कॅनरी बेटांवर पोहोचली, आणि कित्येक समुद्रात बुडाली. 'बार्सिलोना नाहीतर मृत्यू' ही त्या तरुणांची वोलोफमधली घोषणा होती. ती याच परातीभोवती जेवणाऱ्या, याच झाडाखाली मित्रांबरोबर तीन फेऱ्यांचा हिरवा चहा उकळत दुपार काढणाऱ्या पोरांची होती. तो चहा परदेशी पाहुण्याला निवांतपणाचे प्रतीक वाटतो. पुष्कळदा तो बेकारीचा चहा असतो. तरुणाला वाटून घेण्याची ही व्यवस्था किती जड जाते, पहिला पगार हाती येण्याआधीच त्याच्या किती वाटण्या झालेल्या असतात, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते, मात्र तेवढी भाषा यायला हवी. शिवाय एका फरकाची नोंद स्वयंसेवकाच्या रोजनिशीत सहसा सापडत नाही, तो म्हणजे पारपत्राचा. तो तिकीट काढून येतो. ज्याच्या घरी तो राहतो, त्या घरच्या मुलाने उलट प्रवासाचा अर्ज केला तर बँकेचे पुस्तक, निमंत्रणपत्र आणि मुलाखत यांतूनही बहुधा नकारच निघतो. २०२० सालच्या मार्चमध्ये करोनाची साथ पसरली तेव्हा पीस कोअरने इतिहासात प्रथमच जगभरातले आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकदम माघारी बोलावले. तो निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण गावाची सुखदुःखे वाटून घेतली असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की संकटाच्या दिवशी त्याच्यासाठी विमान येते.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक प्रथेमागे अशी व्यवस्था दाखवत गेलो तर कशालाच चूक म्हणता येणार नाही. आक्षेप रास्त आहे, आणि त्याची परीक्षा सर्वांत अवघड उदाहरणावरच व्हायला हवी. सेनेगलच्या काही समाजांत लहान मुलींच्या जननेंद्रियाचे छेदन करण्याची प्रथा आहे. मुंबईच्या वाचकाला विषय अगदीच परका नाही, कारण दाऊदी बोहरा समाजातील अशाच प्रथेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घटनापीठाकडे पाठवली. ही प्रथा मुलींच्या शरीराला अपाय करते, म्हणून ती चूक आहे, आणि ती 'त्यांची संस्कृती' आहे असे म्हणून गप्प बसणे हा आदर नव्हे. प्रश्न उरतो तो चूक कोणी आणि कशी मोडायची हा. मॉली मेल्चिंग १९७४ साली विद्यार्थिनी म्हणून सेनेगलला आल्या, पुढे पीस कोअरच्या स्वयंसेविका झाल्या, वोलोफ अस्खलित शिकल्या, तिथेच राहिल्या, आणि १९९१ साली त्यांनी 'तोस्तान' ही संस्था काढली. तिच्या वर्गांत आरोग्य आणि मानवी हक्क यांविषयी बायकांच्या स्वतःच्या भाषेत चर्चा चालत. ३१ जुलै १९९७ रोजी मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले, आणि लगोलग त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

पुढचा मार्ग दाखवला तो शेजारच्या केर सिंबारा गावच्या देंबा ज्यावारा या वयोवृद्ध इमामांनी. त्यांचे म्हणणे असे की आमच्या मुली एकाच गावात लग्न करत नाहीत, सोयरीक दहा-बारा गावांत पसरलेली आहे, आणि छेदन न केलेल्या मुलीला तिथे सून म्हणून कोणी घेणार नसेल तर एकट्या गावाचा निर्धार टिकणार नाही, आणि आईबापांना दुष्ट ठरवून तर मुळीच टिकणार नाही. ते स्वतः पायी गावोगाव फिरले, नातलगांशी बोलले, आणि १९९८ साली तेरा गावांनी मिळून प्रथा सोडल्याची घोषणा केली. सेनेगलच्या संसदेने कायदा केला तो त्यानंतर, १९९९ साली. प्रथा त्या कायद्याने किंवा घोषणांनी देशातून संपली नाही. पण इमामांनी जे ओळखले, ते दुसऱ्या कोणाला ओळखता आले नसते. आईबाप मुलींवर प्रेम करत असूनही हे करतात, कारण न केल्याचा दंड मुलीलाच भरावा लागतो, आणि हा दंड सोयरिकीच्या बाजारात ठरतो. म्हणजे व्यवस्था समजून घेणे हे तिला शरण जाणे नव्हते. ती कुठे धरून हलवता येईल हे कळण्याची ती पहिली अट होती. त्यात परदेशी बाईंचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, मात्र तो वाटा दोन दशके तिथे राहून, तिथली भाषा बोलून आणि ज्यावारांसारख्यांचे ऐकून मिळालेला आहे. शेजारच्या गांबियात २०१५ साली आलेली बंदी उठवण्याचे विधेयक २०२४ साली संसदेने फेटाळले, तेव्हाही दोन्ही बाजूंनी बोलणारे मुख्यतः गांबियनच होते. 'ती संस्कृती' नावाची एकमुखी वस्तू तिथेही नाही. तिथेही वाद आहेत, पक्ष आहेत, आणि सुना आणि सासवा आहेत.

हीच गोष्ट लोखंडाच्या वस्तूंनाही लागू होते, आणि याचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९६०-७०च्या दशकांत भारतातील खेड्यांत बसवलेले बिडाचे हातपंप धडाधड बंद पडत होते, कारण ते मुळात युरोप-अमेरिकेतल्या शेतघरात एका कुटुंबाने वापरण्यासाठी घडवले होते. इथे सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांवर पाणी भरत होते. जालन्याच्या आणि पुढे सोलापूरच्या कामगारांनी, तिथल्या मिशनच्या लोकांबरोबर, गावाच्या वापराला टिकेल असा पंप घडवला, आणि त्यावरूनच युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क-टू' तयार झाला. आज तो पश्चिम आफ्रिकेतही ठिकठिकाणी दिसतो. मालीत तर त्याची एक आवृत्ती 'इंडिया-माली' नावाने ओळखली जाते. पण पंप बसवण्याचे छायाचित्र घेऊन स्वयंसेवक परतल्यावर वायसर झिजतो तेव्हा वर्गणी कोण गोळा करणार, सुटे भाग कोणत्या शहरातून येणार, पैसे न देणाऱ्या घराला पाणी नाकारायचे का, आणि ते घर इमामाचेच असले तर काय, हे प्रश्न उरतात. तिथे पुन्हा कोण कोणाला काय देणे लागतो हीच व्यवस्था कामाला येते. ज्याने ती समजून घेतली नाही, त्याचा पंप दोन-तीन वर्षांत गंजलेला आढळतो.

मुळात परदेशी तरुणाने गावच्या शाळेत शिकवावे अशी वेळ का आली, हेही विचारायला हवे. १९८०च्या दशकात जागतिक बँक आणि नाणेनिधी यांच्या अटींवर कर्ज घेणाऱ्या सरकारांनी शिक्षक आणि परिचारिका यांची भरती आखडली. सेनेगलने १९९५ साली कमी पगारावर आणि अल्प प्रशिक्षणावर शिक्षक भरले, आणि त्यांना नाव दिले 'शिक्षण स्वयंसेवक'. त्यामुळे असे दृश्य शक्य झाले की एका वर्गात अनुभव घ्यायला आलेला परदेशी स्वयंसेवक शिकवतो आणि पलीकडच्या वर्गात घर चालवण्याच्या चिंतेतला देशी 'स्वयंसेवक'. यांतल्या दुसऱ्याविषयी कोणी लेख लिहीत नाही. शिक्षकांची तूट हा सांस्कृतिक फरक नव्हे. तो अर्थसंकल्पाचा फरक आहे, आणि त्याला संस्कृतीचे नाव देणे सोयीचे असते, कारण मग कोणाला जाब विचारावा लागत नाही.

अल्पकालीन स्वयंसेवेचा बाजार हीच सोय विकतो. त्यातला सर्वांत वाईट प्रकार अनाथाश्रमांचा. घानातील अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई, वडील किंवा जवळचे नातलग हयात असतात. मुले तिथे ठेवली जातात त्याला गरिबी आणि पाहुण्यांच्या देणग्या ही दोन्ही कारणे आहेत. दर पंधरवड्याला नवा 'दादा' किंवा 'ताई' येऊन लळा लावून जाते, आणि मूल पुन्हा पुन्हा ताटातूट सोसते. मुलाच्या मनावर झालेल्या परिणामाबद्दल तिथे कोणीही कोणाला जबाबदार नसतो. याउलट पीस कोअरची चौकट, तिच्यामागचे अमेरिकी परराष्ट्र धोरणाचे हेतू मान्य करूनही, निदान एका बाबतीत बरी आहे. सुमारे तीन महिने गावातल्या कुटुंबात राहून स्थानिक भाषेचे प्रशिक्षण आणि मग दोन वर्षे मुक्काम, एवढा काळ गेला की कोणी ना कोणी त्या माणसाकडे हक्काने मागते, कोणी रागावते, आणि कर्ता त्याला बाजूला घेऊन चार गोष्टी सुनावतो.

उलट दिशेचा प्रवासही शक्य आहे, हे राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने दाखवले. भारत सरकारच्या खर्चाने सिएरा लिओन, गांबिया, सेनेगल अशा देशांच्या खेड्यांतल्या प्रौढ, बहुधा निरक्षर बायका तिथे सहा महिने राहून, खुणांच्या आणि रंगांच्या भाषेत सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या, आणि गावी परतल्या. अशा बाईच्या हातचा दिवा बंद पडला तर शेजारीण रात्री तिचेच दार वाजवते आणि ती विमानाने निघून जाऊ शकत नाही. विकासाच्या अहवालांत या फरकाला रकाना नसतो, पण मला तो दिव्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा मागणी साधी आहे. स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेने, मग ती अमेरिकेची असो, युरोपची असो किंवा उद्या आपली असो, वर्ष-दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीची नेमणूक करू नये. फ्रेंच किंवा इंग्रजीवर न भागवता गावाची भाषा शिकवावी. यजमान कुटुंबाला मोबदला द्यावा आणि पाहुणा ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही द्यावा. मुदत संपताना स्वयंसेवकाने आपला अहवाल गावाच्या सभेत, गावाच्या भाषेत वाचून दाखवावा आणि लोकांनी त्यावर उलट बोलावे. याने इच्छुकांची संख्या मोठ्या प्रमाणात घटेल, असे सांगितले जाईल. घटू द्यावी. ज्याला तीनच आठवडे मोकळे आहेत त्याने जग पाहू नये असे कोणी म्हणत नाही. त्याने प्रवासी म्हणून जावे, खोलीचे भाडे द्यावे, वाटाड्याला त्याची मजुरी द्यावी, रस्त्यावरच्या चुलीपाशी बसून भातमासा विकत घेऊन खावा. सेनेगल, घाना, बेनिन या देशांना पर्यटकांचे वावडे नाही.